राणीच्या बागेतील घड्याळाचा मनोरा

परगावाहून आलेला मनुष्य गावाचा केव्हा होतो, हा प्रश्न वरवर साधा दिसतो; परंतु त्याचे उत्तर द्यायची वेळ आली म्हणजे भलेभले घुटमळतात. कोणी म्हणतात, तीन पिढ्या तेथे नांदल्या पाहिजेत. कोणी म्हणतात, गावची बोली तोंडी बसली पाहिजे. कोणी जमिनीचे कागद पुढे करतात. आमच्या कोकणीत बाहेरून आलेल्याला 'भायलो' म्हणतात, आणि हा शब्द एकदा पाठीस लागला की तो सहसा सुटत नाही. आमचे मत निराळे आहे. मनुष्य गावातून काय घेतो आणि सर्वांसाठी गावात काय ठेवतो, यावरून त्याचे नाते ठरावे, असे आम्हांस वाटते. मुंबईच्या राणीच्या बागेतील एका मनोऱ्याने या विचाराला चालना दिली. म्हणून त्याची हकीकत आणि तीवरून निघणारा बोध विद्यार्थी वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

बैहरहून मुंबई लांब. आधी घाट उतरून बालाघाट, तेथून गोंदिया आणि पुढे विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभरचा प्रवास. इतक्या दुरून गेलेल्या मुलांना भायखळ्याच्या त्या बागेत काय पाहायचे होते, हे सांगावयास नकोच. सन २०१६ मध्ये कोरियाहून तेथे पेंग्विन पक्षी आणले गेले. तेव्हापासून बागेत शिरणारा प्रत्येक बालक प्रथम त्यांचीच वाट विचारतो. आमच्या मंडळींनीही तेच केले. वाटेत उभा असलेला घड्याळाचा मनोरा बहुतेकांनी पाहून न पाहिल्यासारखा केला. एका मुलीने मात्र थबकून विचारले, "सर, एवढे मोठे घड्याळ सरकारने बांधले का?" प्रश्न चांगला होता. कारण ते सरकारने बांधलेले नव्हते. बगदादहून आलेल्या एका व्यापाऱ्याची ती देणगी होती.

त्या व्यापाऱ्याचे नाव डेव्हिड ससून. त्यांचा जन्म १७९२ सालचा, बगदादमधील एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यातला. त्यांचे वडील तेथील पाशांच्या खजिन्याचे प्रमुख होते. पुढे दाऊद पाशाच्या अमदानीत ज्यू लोकांचा छळ सुरू झाला आणि या घराण्याला बगदाद सोडावे लागले. प्रथम इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरात आश्रय घेऊन १८३२ साली डेव्हिड ससून सहकुटुंब मुंबईस आले. त्यांचा पोशाख अखेरपर्यंत बगदादी राहिला. १८५३ साली ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हा त्यांनी सही केली ती हिब्रू अक्षरांत. कोकणातील बेने इस्रायल ज्यूंप्रमाणे मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हती. बोलीच्या किंवा पोशाखाच्या कसोटीस लावले तर हे गृहस्थ मुंबईचे कधी झालेच नाहीत असे म्हणावे लागेल.

आणि तरीही मुंबई-पुण्याच्या नकाशावर त्यांच्या घराण्याचे नाव जागोजाग आढळते. पुण्याचे ससून रुग्णालय, जेथे १८६७ पासून गोरगरिबांना औषधपाणी मिळत आले, ते त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. मुंबईचे डेव्हिड ससून ग्रंथालय १८७० साली आजच्या इमारतीत आले. कुलाब्याचे ससून डॉक त्यांच्या मुलाने, अब्दुल्ला ऊर्फ आल्बर्ट ससून यांनी, १८७५ साली बांधविले. आजही तेथे पहाटे मासळीचा बाजार भरतो. राणीच्या बागेतील मनोरा १८६५ चा. त्याच्या चार बाजूंवर सकाळ, दुपार, सायंकाळ आणि रात्र अशा चार प्रहरांच्या आकृती भाजक्या मातीत घडविलेल्या आहेत. दाते डेव्हिड ससून १८६४ च्या नोव्हेंबरात पुण्यास वारले होते. तेव्हा मनोऱ्यावरचे घड्याळ लोकांना वेळ सांगू लागले ते त्यांच्या पश्चात.

घड्याळच का, असा प्रश्न आजच्या मुलांना पडेल, कारण आज प्रत्येकाच्या हातात वेळ दाखविणारे यंत्र आहे. त्या काळी तसे नव्हते. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास रेल्वे सुरू झाली होती. कापडाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या होत्या. गाडी आणि गिरणी दोन्ही घड्याळावर चालतात. सूर्य कासराभर वर आला असे म्हणून तेथे भागत नाही. पण खिशात बाळगण्याचे घड्याळ विकत घेणे सामान्य मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे होते. अशा वेळी सर्वांना दिसेल असे मोठे घड्याळ बागेत उभारणे याचा अर्थ, श्रीमंताच्या खिशातली वेळ रस्त्यावरच्या मनुष्यास फुकट देणे असा होतो. त्याच्याखाली उभे राहणाऱ्यास जात, धर्म, भाषा कोणी विचारीत नाही. चांगल्या सार्वजनिक देणगीचे लक्षण आम्हांस हेच वाटते, की ती घेताना घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. घड्याळ पाहण्यासाठी मान वर करावी लागते.

येथवर लिहून थांबलो असतो, तर हा निबंध गोड झाला असता. परंतु तो खरा झाला नसता. मनोरा ज्या संपत्तीतून उभा राहिला, ती कोठून आली हेही विद्यार्थ्यांनी जाणले पाहिजे. ससून घराणे कापूस, कापड, मसाले अशा अनेक वस्तूंचा व्यापार करीत असे, आणि त्याबरोबरच चीनशी अफूचाही व्यापार करीत असे. आज आपल्या मध्य प्रदेशात असलेल्या माळव्यातील शेतकरी खसखशीचे पीक काढीत. त्यातून निघालेली अफू मुंबई बंदरातून जहाजांत भरून चीनला जाई. चीनने ही आयात थांबविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १८३९ ते १८४२ या काळात इंग्रजांनी युद्ध करून त्यास नमविले. पुढच्याच वर्षांत ससूनांची पेढी चिनी बंदरांत पसरली. मुंबईच्या इतर कित्येक नामांकित दात्यांचे हातही याच व्यापारात होते. तेव्हा हा मनोरा कोण्या मुंबईकराची सोय करीत होता, त्याच वेळी दूरच्या कँटनमध्ये कोणाचे तरी घर अफूपायी धुळीस मिळत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, दान दिले ना, मग पैसा कोठून आला हे विचारणे म्हणजे कृतघ्नपणा. दुसरा पक्ष म्हणतो, पैसा काळा, म्हणून दानही काळे. अशी नावे खरवडून टाकावी. आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात. रुग्णालयात बरा होऊन घरी गेलेला रोगी खोटा नव्हे आणि अफूच्या नादाने मेलेला मनुष्यही खोटा नव्हे. पहिला पक्ष दुसऱ्या मनुष्यास विसरतो, आणि दुसरा पक्ष पहिल्यास. कृतज्ञता आणि हिशेब यांचे हाडवैर आहे असे समजण्याचे कारण नाही. घरात आपण वडिलांचे उपकार मानतो आणि वडिलांनी करून ठेवलेले कर्जही फेडतो. गावाच्या बाबतीत निराळा न्याय का असावा?

येथे एक शंका कोणी काढील. आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानले आहे; उजव्या हाताने दिलेले डाव्यास कळू नये म्हणतात. मग दगडावर नाव कोरणारा दाता कमी प्रतीचा ठरत नाही काय? पुण्याच्या दृष्टीने ठरत असेल. तो वाद आम्ही शास्त्री-पंडितांवर सोपवितो. गावाच्या दृष्टीने मात्र कोरलेले नाव उपयोगी आहे. नाव असले म्हणजे पुढच्या पिढीला विचारता येते, हा कोण होता, कोठून आला, काय विकून श्रीमंत झाला. नाव खरवडले तर दात्याची कीर्ती जाते हे खरे, पण त्याचबरोबर त्याला जाब विचारण्याची सोयही जाते. म्हणून नाव राहू द्यावे आणि त्याची पुरी कथा मुलांना सांगावी.

लोकांची पारख या बाबतीत पंडितांहून पुष्कळदा चांगली असते, याचा दाखला त्याच बागेत आहे. मनोऱ्यापासून काही अंतरावर, वस्तुसंग्रहालयाच्या आवारात एक अश्वारूढ पुतळा आहे. तोही ससूनांचीच देणगी. १८७५-७६ साली इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानात येऊन गेले. त्या भेटीचे स्मारक म्हणून आल्बर्ट ससून यांनी बोएम नावाच्या शिल्पकाराकडून हा पुतळा घडवून घेतला आणि १८७९ साली तो मुंबईच्या भर रस्त्यात उभा राहिला. युवराजाला पाहून लोक मान लववितील अशी दात्याची अपेक्षा असावी. लोकांनी काय केले? त्यांनी वरचा स्वार सोडून दिला आणि खालचा घोडा तेवढा उचलला. त्या भागाचे नाव पडले 'काळा घोडा'. १९६५ साली पुतळा तेथून हलवून राणीच्या बागेत आणण्यात आला, तरी त्या भागाचे नाव काळा घोडाच राहिले. २०१७ साली त्याच भागात एक नवा काळा घोडा उभारला गेला. त्याच्या पाठीवर स्वार नाही.

एकाच घराण्याच्या या दोन देणग्या. बापाने दिलेले घड्याळ येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांकडे तोंड करून उभे आहे. मुलाने दिलेला पुतळा सत्ताधीशाच्या गौरवासाठी होता. घड्याळ जेथे बांधले तेथेच राहिले. पुतळ्यास जागा सोडावी लागली. देणगी कोणाच्या उपयोगासाठी आहे, हे काळ गेला तरी लोक बरोबर ओळखतात, असे आम्ही यावरून समजतो.

आता ज्याच्याजवळ ससूनांसारखी संपत्ती नाही, त्याने गावाला काय द्यावे? याचेही उत्तर बागेच्या त्याच आवारात मिळते. तेथील वस्तुसंग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या उभारणीसाठी ज्यांनी कष्ट घेतले, त्यांत नाना शंकरशेट होते, आणि डॉक्टर भाऊ दाजी लाडही होते. भाऊ दाजी मूळचे गोव्याच्या पेडणे महालातील मांद्रे गावचे. म्हणजे मुंबईला तेही बाहेरून आलेले. ते शिकून डॉक्टर झाले, गरिबांना फुकट औषध देऊ लागले, जुने शिलालेख वाचू लागले. त्यांनी शहराला दिला तो आपला वेळ, आपली विद्या आणि आपले परिश्रम. १९७५ साली त्या वस्तुसंग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले. व्यापारी आणि विद्वान, बगदादचा आणि पेडण्याचा, असे दोन पाहुणे एकाच बागेत शेजारी होऊन राहिले आहेत. ससूनांचे बहुतेक वंशज पुढे इंग्लंडकडे गेले; मुंबईतील बगदादी ज्यूंची संख्या आज अगदी थोडी उरली आहे. देणारे निघून गेले तरी दिलेली वस्तू गावाची होऊन राहिली.

हे सारे मुंबईचे पुराण बैहरच्या वार्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, 'बाहेरून आलेला कोण' हा प्रश्न मुंबईपेक्षाही आपल्या गावात अधिक टोकदार आहे. आपल्या वर्गातच पाहा. कोणाच्या घरी पोवारी बोलतात, कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी गोंडी. आणि शिकविणाऱ्याच्या घरी कोकणी. जुन्या नोंदी असे सांगतात की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा वरचा प्रदेश बहुतांशी घोर अरण्य होता, आणि लछमन नाईक नावाच्या पुढाऱ्याने परसवाड्याच्या पठारावर पहिली शेतकरी गावे वसविली. पोवार समाज आपले मूळ माळव्यात सांगतो. त्यांच्यामागून व्यापारी आले, कारकून आले, जंगलखात्याचे लोक आले, मास्तर आले. आम्ही सारे या पठाराचे पाहुणे. ज्या नोंदी या भूमीस ओसाड म्हणतात, त्या वेळीही येथे बैगा आणि गोंड राहत होतेच; लिहिणाऱ्याच्या दृष्टीस ती वस्ती वाटली नाही, इतकेच.

बैगांची शेती म्हणजे बेवर. झाडेझुडपे तोडून जाळावी, राखेत बी टाकावे, काही वर्षांनी ती जागा सोडून पुढे जावे. नांगराने धरणीमातेची छाती फाडणे त्यांना पाप वाटे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने जंगले राखीव केली आणि बेवर बहुतेक ठिकाणी बंद पाडली. पुढे १९५५ साली कान्हा हे राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ साली तेथे व्याघ्रप्रकल्प आला. त्यामुळे बारशिंगा वाचला, वाघ वाचला. ही गोष्ट सर्व देशाला भूषणावह आहे आणि आम्हांसही तिचा अभिमान वाटतो. परंतु त्या संरक्षणासाठी जी गावे जंगलातून हलविली गेली, ती बैगा आणि गोंडांची होती. मनोऱ्याच्या बाबतीत जो न्याय आपण लाविला, तोच येथे लावावयास हवा. दूरचे पाहुणे येऊन वाघ पाहतात आणि आनंदाने परत जातात. हे उद्यान देशाला मिळालेली देणगी आहे असे म्हणावयाचे असेल, तर तिचे खरे दाते कोण, हे कोठेतरी लिहिलेले असावे. राणीच्या बागेत दात्याचे नाव दगडावर आहे. येथे ज्यांनी आपली घरे सोडली, त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून आमचे मत असे की, बैहरला आलेल्या आम्हां सर्व मंडळींवर एक देणे आहे, आणि ते फेडण्यास ससून होण्याची गरज नाही. आपण मनोरा बांधू शकत नाही. बांधू शकलो तरी आज कोणास त्याची आवश्यकता नाही. भाऊ दाजींनी दिले ते मात्र आपणांस देता येईल. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक वर्गाने गावासाठी एक वस्तू मागे ठेवावी. एका वर्गाने बाजाराच्या वाटेवर सावलीची चार झाडे लावावी आणि ती जगवावी; लावणे सोपे, जगविणे कठीण, आणि देणगी म्हणावयाची ती जगविण्यालाच. दुसऱ्या वर्गाने कोणासही बसून वाचता येईल असे पुस्तकांचे एक कपाट सुरू करावे. तिसऱ्या वर्गाने बैगा व गोंड वडीलधाऱ्यांकडे जाऊन, त्यांची अनुमती घेऊन, या जंगलातील झाडांची, कंदांची आणि डोंगरांची त्यांच्या बोलीतील नावे उतरवून घ्यावी, आणि प्रत्येक नावापुढे ते सांगणाऱ्याचे नाव, त्याची इच्छा असेल तर, लिहावे. ती वही एक प्रत त्यांना देऊन दुसरी शाळेत ठेवावी.

कोणी म्हणेल, शाळकरी पोरांच्या वहीने कोणाचे गेलेले गाव परत येत नाही. खरे आहे, येत नाही. तिने जमिनीचा प्रश्न सुटत नाही आणि तो सोडविण्याचे काम ज्यांचे आहे त्यांची जबाबदारीही कमी होत नाही. पण ज्या मुलांनी ती वही लिहिली असेल, ती उद्या तहसीलदार होतील, जंगल अधिकारी होतील, मास्तर होतील. त्यांच्यापुढे कागद येईल आणि त्यावर 'ओसाड जमीन' असे लिहिलेले असेल, तेव्हा त्यांना ठाऊक असेल की ती ओसाड नाही. तिथल्या प्रत्येक ओढ्याला नाव आहे आणि ते नाव सांगणारा मनुष्य अमुक झाडाखाली बसत असे. एवढे कळणे ही थोडी गोष्ट नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण शिक्षणासाठी, पोटासाठी बालाघाट, गोंदिया, नागपूर, मुंबई अशा गावांना जातील, आणि तेथे तुम्हीही 'भायले' ठराल. त्यावेळी मनात खंत बाळगू नका. नव्या गावाची भाषा शिका, पण आपली टाकू नका. त्या बगदादी गृहस्थाने आपल्या लिपीत सही केली म्हणून त्याच्या रुग्णालयातील रोगी बरे व्हायचे राहिले नाहीत. तुमची कमाई कोणाच्या घरात अंधार पाडून तर येत नाही ना, हे आधी पाहा. नंतरचे दान त्या अंधाराची भरपाई करू शकत नाही. आणि त्या गावातून जे घ्याल, त्यातले काहीतरी सर्वांना उपयोगी पडेल अशा रूपाने तेथेच ठेवून द्या. मग तुम्ही कोठले, असे कोणी विचारले तर त्याला ती वस्तू दाखविता येईल. पण बाहेर जाण्याआधीचा पहिला हप्ता बैहरला द्यावयाचा आहे, आणि तो याच वर्षी देता येण्याजोगा आहे.